सरांच्या उदाहरणांतल्या चुका

अमरावती, ९ जुलै १९६७

चि. ललिता हिस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या आईचा, मैनाबाईंचा, गुडघा आता कसा आहे? एरंडाचं पान बांधून पाहायला सांग. शेकलं की उतरतं.

आज काम घेऊन लिहिते आहे. तुझे सर दोन उन्हाळे मुंबईला जाऊन त्या गणकयंत्राची भाषा शिकून आले, ते तुला ठाऊकच आहे. त्यावर मराठीतून पुस्तक लिहायचं त्यांनी तेव्हापासून मनात घेतलं होतं. आता ते लिहून होत आलं आहे. इथले छापखानेवाले खुशालराव छापायला तयार आहेत. दिवाळीपर्यंत सगळी पानं द्या म्हणतात.

सोबत तिसरं प्रकरण पाठवते. त्यात पुष्कळ आकडे एकत्र मांडून ठेवायची रीत आहे. हे त्याला बाग म्हणतात. वर्गातही तसंच म्हणायचे ना? एकेका आकड्याची जागा म्हणजे एकेक आळं. अंजनगावच्या बागांत वाढलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार. पानं माझ्या हातची आहेत, कारण यांचं अक्षर खिळे जुळवणाऱ्याला लागत नाही. इंग्रजी अक्षरं मी चित्रासारखी पाहून पाहून काढली आहेत. मला त्यातलं काही कळत नाही.

उदाहरणं कडक तपास. हातचं राखू नकोस. सरांचे डोळे अलीकडे लवकर दुखतात, म्हणून त्यांना वेगळं पत्र लिहू नकोस. जे काही असेल ते मलाच लिही, मी वाचून दाखवीन.

हे पुस्तक त्यांच्या हातात पडलेलं मला पाहायचं आहे. लवकर.

तुझी,
इंदूकाकू


अकोला, १६ जुलै १९६७

आदरणीय काकू,

सप्रेम नमस्कार. पानं मिळाली. तुमचं अक्षर इतकं सुंदर आहे की चूक दाखवायला लाल पेन्सिल टेकवताना हात अडखळला.

इथे यंत्र नाही. आमच्या शेतीखात्याच्या कचेरीत हाताने फिरवायचं गणितयंत्र आहे तेवढंच. मुंबईच्या यंत्राकडे भोकं पाडलेली कार्डं पाठवली तर उत्तर यायला महिना जातो आणि महिन्याने एका चिठ्ठीवर एक चूक लिहून येते. म्हणून मी आपली घरीच यंत्र होते. फरशीवर खडूने चौकटी आखते, प्रत्येक चौकट म्हणजे एक आळं, आणि आकड्यांऐवजी चिंचोके मांडते. मग सरांनी लिहिलेली एकेक ओळ वाचायची आणि ती सांगेल तेवढंच करायचं, आपली अक्कल लावायची नाही. आई दारातून म्हणते, "एवढी शिकली, नोकरी लागली, आन् आता सोंगट्या खेळून राहिली."

दोन ठिकाणी अडलं. पहिल्या उदाहरणात वरूडच्या संत्राबागेतल्या झाडांची फळं मोजून आकडे दिले आहेत. सरांनी ते आपण लिहितो तसे आडव्या ओळीने दिले आहेत. पण नुसतं बागेचं नाव सांगून आकडे भरायला लावले, की यंत्र उभ्या ओळीने खाली खाली जात आळी भरतं. तेव्हा एका झाडाची फळं दुसऱ्याच झाडावर लागतात. यंत्र तक्रार करत नाही, चुकलेलं उत्तर तितक्याच नीटसपणे छापून देतं. दुसऱ्या उदाहरणात ओळीत दहा झाडं आहेत आणि मोजणी अकराव्यापर्यंत जाते. यंत्र तेही मुकाट्याने करतं. शेजाऱ्याच्या शेतातलं जे हाती लागेल ते तोडून आणतं.

काकू, रागावू नका, पण हे उतरवताना तर झालं नसेल? दहाच्या जागी अकरा सहज पडतात. सरांकडून असं होणार नाही.

दोन्ही दुरुस्त करून पाठवते आहे.

आपली,
ललिता


अमरावती, २४ जुलै १९६७

चि. ललिता हिस,

अनेक आशीर्वाद. तुझं बरोबर आहे. चूक माझ्याच हातची. उतरवताना दूध उतू गेलं, मी उठले, परत बसले तेव्हा ओळ चुकली असणार. सरांना वाचून दाखवलं तर हसले. म्हणाले, "तुह्या हाती लेखणी देल्ली तेच चुकलं."

चौथं प्रकरण पाठवते. या वेळी मी प्रत्येक अक्षर बोट ठेवून पाहिलं आहे. तरी तू बघच.

मैनाबाईंना सांग, सोंगट्या खेळणारी लेक असणं बरं. आमच्या घरात तर दिवसभर कोणी काही खेळत नाही.

तुझी,
इंदूकाकू


अकोला, १३ ऑगस्ट १९६७

आदरणीय काकू,

सप्रेम नमस्कार. तुम्ही आणि सर दोघं मिळून माझी गंमत करता आहात, हे आता मला कळलं.

चौथ्या प्रकरणात बागेतल्या दोन ओळींची अदलाबदल करायची आहे. सरांनी लिहिलं आहे: पहिलीत दुसरी ठेवा, मग दुसरीत पहिली ठेवा. मी चिंचोके मांडले. पहिलीत दुसरी ठेवताच पहिलीतलं होतं ते गेलं. मग दुसरीत ठेवायला उरलं काय? दोन्ही ओळी सारख्याच झाल्या. बराच वेळ मी त्या चिंचोक्यांकडे पाहत बसले. आणि मग मला हसू आलं.

कारण हे आम्हाला सरांनीच शिकवलं होतं. वर्गात टेबलावर त्यांनी दोन वाट्या मांडल्या होत्या, एकीत दूध, एकीत ताक. म्हणाले, "अदलाबदल करून दाखवा." कोणालाच जमेना. मग त्यांनी पिशवीतून तिसरी, रिकामी वाटी काढली. ज्या माणसाने घरून तीन वाट्या आणि ताकाचा तांब्या सायकलवर आणला, तो पुस्तकात तिसरी वाटी विसरेल?

तुम्हाला ठाऊक नसेल, काकू. सर फळ्यावर मुद्दाम एक चूक पेरायचे. प्रत्येक उदाहरणात. जो शोधेल त्याला पिशवीतून संत्रं. जो शोधणार नाही त्याला म्हणायचे, "तुह्या बापानं फी कावून भरली?" पहिलं वर्षभर मी उठून बोलायला भ्यायचे. आमच्या बाकावरून कोणी बोलत नसे. एक दिवस बोलले. सरांनी संत्रं फेकलं ते माझ्या हातून सुटून घरंगळत दारापर्यंत गेलं, सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, "उचल अन् खा. हसून राहिले त्याइले नाही भेटलं."

तेव्हा सरांना सांगा, ललितानं ओळखलं. पुढच्या प्रकरणात याहून अवघड पेरा. या प्रकरणातल्या सापडल्या तेवढ्या दुरुस्त करून पाठवते. माझ्या संत्र्यांचा हिशोब ठेवा म्हणावं.

आपली,
ललिता


अमरावती, २२ ऑगस्ट १९६७

चि. ललिता हिस,

अनेक आशीर्वाद. तू ओळखलंस तर. मी त्यांना म्हटलंच होतं, ती पोरगी फसायची नाही.

संत्र्यांना अजून वेळ आहे म्हणून लाडू पाठवते. बसच्या कंडक्टरकडे डबा दिला आहे, अकोल्याच्या मोटारस्टँडवर मागून घे. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, वाट्यांचं तर दोनदा. दुपारी एकटीने आणखी एकदा वाचलं. ताकाचा तांब्या सायकलवर नेला ते मला आठवतं. येताना सांडला होता, आणि मी धोतराला डाग पडला म्हणून बोलले होते. कशासाठी नेला होता ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या टेबलावर काय झालं ते मला तुझ्याकडून कळलं.

पाचवं प्रकरण सोबत आहे. पेरलेल्या चुका शोधून काढ. सगळ्या शोध, ललिता. एकही राहू देऊ नकोस.

तुझी,
इंदूकाकू


अकोला, २४ सप्टेंबर १९६७

आदरणीय काकू,

सप्रेम नमस्कार. लाडू पोचले. डबा आईने ठेवून घेतला आहे, रिकामा परत देत नाहीत म्हणते.

पाचव्या प्रकरणाने मला दमवलं. कापसाच्या उताऱ्याचं उदाहरण आहे. प्रत्येक वर्षाच्या आकड्याच्या जागी आधीचं वर्ष, ते वर्ष आणि पुढचं वर्ष यांची सरासरी भरायची. सरांनी सरासरी काढून ती त्याच आळ्यात ठेवली आहे. झालं असं, की पुढच्या वर्षाची सरासरी काढायला मागचं वर्ष मागावं, तर ते केव्हाच पुसून गेलेलं. जे पुसलं त्याच्याच आधारावर पुढचं सगळं. शेवटच्या वर्षापर्यंत जाता जाता एकही खरा आकडा उरत नाही. मी दुसरी कोरी बाग आखून दिली. जुने आकडे जुन्या बागेत राहतील, सरासऱ्या नव्या बागेत.

पण काकू, या वेळी चुका फार आहेत. जिथे पेरायचं कारण नाही तिथेही आहेत. सरांची एक चूक असायची, नेमकी, शोधली की झळकन दिसणारी. या तशा नाहीत. मला वाटतं ते फार घाईत लिहीत आहेत. खुशालरावांना म्हणावं, थोडा धीर धरा.

दसऱ्याला आम्ही सगळे नागपूरला जाणार आहोत, दरवर्षीसारखे. येताना बडनेऱ्याला उतरून तुमच्याकडे एक दिवस येते. सरांशी समोरासमोर बसून सगळं बघू.

आपली,
ललिता


अमरावती, ३० सप्टेंबर १९६७

चि. ललिता हिस,

अनेक आशीर्वाद. दसऱ्याला आम्ही अंजनगावला जात आहोत. घराला कुलूप असेल, तुझी खेप फुकट जाईल. पुन्हा कधीतरी ये. सहावं प्रकरण परतल्यावर पाठवते.

तुझी,
इंदूकाकू


अकोला, १७ ऑक्टोबर १९६७

आदरणीय काकू,

तुम्ही अंजनगावला गेला नव्हता.

नागपूरहून येताना गाडी बडनेऱ्याला थांबली. मला वाटलं, घराला कुलूप असलं तरी दाराच्या फटीतून पाचवं प्रकरण सरकवून येऊ, म्हणून उतरून अमरावतीला आले. दार उघडं होतं. सर व्हरांड्यात आरामखुर्चीवर बसले होते. शेजारच्या बाईंनी सांगितलं, तुम्ही दळण आणायला गेला आहात, आता येतील.

मी नमस्कार केला. म्हणाले, "बस पोरी. घंटी व्हाची आहे अजून."

मी बसले. सरांच्या मांडीवर पानं होती. माझी लाल पेन्सिल मी लांबूनही ओळखते. त्या प्रत्येक लाल रेघेवर निळी रेघ मारलेली होती. जिथे मी तिसरी ओळ घालून अदलाबदल सरळ केली होती, तिथे ती ओळ खोडून पुन्हा दोनच ठेवल्या होत्या.

मी म्हटलं, "सर, हे काहून खोडलं?"

"कोन्या गाढवानं बिघडवून ठेवलं हे. दोघांत काम भागते तं तिसरी कावून आनली?"

"ते गाढव मीच आहे, सर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तुले शिकवलं कोनं?"

"तुमीच."

"मंग माहं नाव नको सांगत जाऊ कोनाले."

मी हसले. काकू, मी खरंच हसले. मला वाटलं हीसुद्धा परीक्षाच आहे, आता हसतील आणि पिशवीत हात घालतील. मी वाट बघत राहिले. सरांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूच विचारलं, "माहं जेवन झालं काय, तुले माईत आहे?"

मी तुमची वाट न बघता निघाले. तुमच्यासमोर उभं राहणं मला जमलं नसतं. बडनेऱ्याला मिळेल त्या गाडीत बसले.

उतरवताना कधीच चुकलं नव्हतं ना? दूध उतू गेलं नव्हतं.

ललिता


अमरावती, २९ ऑक्टोबर १९६७

चि. ललिता,

तू येऊन गेलीस हे मला शेजारच्या आशाबाईंनी सांगितलं. बसकरावर बसून होतीस म्हणाल्या. मी घाबरून सगळं दळण तसंच ठेवलं आणि तुझ्या सरांजवळ जाऊन बसले. त्यांना आठवत नव्हतं कोणी आलं होतं ते.

मागच्या कार्तिकात पहिल्यांदा कळलं. कॉलेजला म्हणून निघाले आणि शिपायाने रिक्षात घालून परत आणलं. स्वतःच्या वर्गाच्या दाराशी उभे राहून विचारत होते, मला कुठे जायचं आहे. जानेवारीत नोकरी सोडली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला रक्त कमी पोचतं, यावर औषध नाही. जेवढं आहे तेवढं सांभाळा. पुस्तकाचं तेवढं त्यांच्यात राहिलं होतं. सकाळी उठले की कागद मागायचे. मी म्हटलं, हेच सांभाळू.

मी अक्षर न अक्षर त्यांच्यासारखं उतरवलं. तू म्हणालीस चूक माझी असेल, तेव्हा मला हायसं वाटलं. मग तू लिहिलंस ते मुद्दाम पेरतात. ललिता, ते मला इतकं आवडलं की काही दिवस मीही तसंच धरून चालले. ते लिहीत असले की मी मनात म्हणायची, पेरताहेत.

तुझी दुरुस्त पानं मी त्यांच्यासमोर ठेवली ते चुकलं. रोज सकाळी खोडतात. मी संध्याकाळी तुझी प्रत पाहून पुन्हा लिहिते, सकाळी पुन्हा खोडतात. परवा खुशालराव पहिल्या पानांचा छापील कच्चा नमुना घेऊन आले, तुझ्या दुरुस्त्यांसह जुळवलेला. यांनी वाचला आणि त्यांच्या अंगावर टाकला. "हे माहं पुस्तक नाही." खुशालराव समजूतदार आहेत, पण त्यांनी बाहेर जाऊन मला सांगितलं, लेखकच नाही म्हणतो तर मी कसं छापू.

म्हणून माझं ऐक. आता दुरुस्त करू नकोस. त्यांनी लिहिलं तसंच जाऊ दे. वऱ्हाडात कुठे आहे ते यंत्र? कोण चालवून बघणार आहे? कपाटात पडून राहील ते पुस्तक. पण ते त्यांचं असेल, आणि त्यांना कळतं आहे तोवर त्यांच्या हातात पडेल. मला एवढंच हवं आहे.

तुझी,
इंदूकाकू


अकोला, ५ नोव्हेंबर १९६७

आदरणीय काकू,

पत्र वाचून दोन दिवस गेले. आईला काही सांगितलं नाही, तरी तिने चिंचोके उचलून डब्यात भरून ठेवले. विचारलं नाही काहून ते.

तुम्ही म्हणता ते मी करू शकत नाही. यंत्र नाही, म्हणूनच करू शकत नाही. ज्याच्याजवळ यंत्र आहे तो चालवून पाहील आणि चूक सापडेल. ज्याच्याजवळ नाही, तो पुस्तकावर विश्वास ठेवतो. धारणीचा एखादा मुलगा, अकोल्याची एखादी मुलगी. मी तशीच शिकले ना, नुसती सरांच्या शब्दावर. आणि पुढे कधी यंत्र आलंच तर लोक पुस्तक उघडून म्हणतील, या माणसाला साधी अदलाबदल येत नव्हती. ते काही जाणणार नाहीत कार्तिकात काय झालं ते. सरांबद्दल असं कोणी म्हणालेलं मला चालणार नाही.

पण पुस्तक त्यांच्या हातात पडायला हवं, हेही खरं आहे. तेव्हा दोन्ही करा. माझी पानं सरांना न दाखवता खुशालरावांकडे द्या, संमतीची सही तुम्ही करा. आणि सरांची पानं, त्यांनी लिहिली तशी, जिल्दसाजाकडून पुठ्ठ्यात बांधून त्यांना द्या. वर नाव घाला. सांगा, छापून आलं.

फसवणूक आहे, मला कळतं. दुसरं काही सुचत नाही.

आपली,
ललिता


अमरावती, २० फेब्रुवारी १९६८

चि. ललिता,

अनेक आशीर्वाद. इतके दिवस लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं चांगलं होतं तेव्हा ते मोडेल अशी भीती वाटली, आणि आता मोडलं आहे.

तू सांगितलंस तसं केलं. निळ्या कापडाची बांधणी केली, सोनेरी अक्षरात नाव. त्यांच्या हातात दिलं तेव्हा उघडून पाहिलं नाही, वास घेतला. माझ्या हाताने लिहिलेलं आत आहे हेही त्यांना खटकलं नाही. उशाशी घेऊन झोपायचे. कोणी आलं की दाखवायचे, "माहं पुस्तक." ते दिवस बरे गेले.

खुशालरावांनी संक्रांतीनंतर तुझी पानं परत आणून दिली. या पुस्तकाला कोणतंही कॉलेज लावायला तयार नाही, यंत्र शिकणारे इंग्रजीतून शिकतात म्हणाले. इंग्रजी खिळे मोजके, ते अडकून पडले होते. लग्नसराई तोंडावर. जुळवलेलं मोडून टाकलं. मी त्यांना काही बोलले नाही. तुझी पानं माझ्या पेटीत आहेत.

म्हणजे आता जगात ते निळं तेवढंच आहे.

गेल्या गुरुवारी हे सकाळी उठले ते वेगळेच. मला नावाने हाक मारली. चहात साखर कमी आहे म्हणाले. माझ्या थोरल्या बहिणीची चौकशी केली. मला वाटलं, देवाने एक दिवस परत दिला. मग त्यांनी निळं पुस्तक उघडलं आणि पहिल्यापासून वाचत गेले. मी भाजी निवडत होते. बऱ्याच वेळाने पाहिलं तर चेहरा पांढरा.

"इंदू, हे कसं छापून गेलं? बाग उभ्यानं भरते, इथं आडव्यानं लावली. ओळी बदलाच्या, तं तिसरी जागाच नाही. हे कोनं तपासलं?"

मी भाजीचं ताट बाजूला सारलं.

"ललिताले काहून नाही दाखवलं? त्या पोरीनं हे सोडलं नसतं."

मी म्हटलं, छापलं नाही हो, एवढं एकच आहे. त्यांनी सोनेरी अक्षरांवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं, मी वेड लागलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलते आहे असं. पेटीतली तुझी पानं काढून दाखवावी असं मनात आलं. पण मग सांगावं लागलं असतं की तू दाखवलंस आणि त्यांनीच खोडलं. ते मी त्यांना कसं सांगू?

"पोरं हसतील," म्हणाले, आणि रडले. लग्नानंतर मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. "तिले लिही," म्हणाले. संध्याकाळपर्यंत ते सगळं गेलं. कशासाठी रडत होते ते विसरले. रडणं मात्र राहिलं. चार दिवस झाले, मधूनच डोळ्यांतून पाणी येतं आणि मलाच विचारतात, काय झालं.

तू त्यांना एक पत्र लिही. काय लिहायचं ते तूच ठरव.

तुझी,
इंदूकाकू


अकोला, २६ फेब्रुवारी १९६८

आदरणीय सर,

सविनय नमस्कार. आपलं पुस्तक छपाईपूर्वी तपासण्यासाठी माझ्याकडे आलं होतं. कचेरीच्या कामात मी ते वेळेवर पाहिलं नाही, आणि न पाहताच बरोबर आहे असं कळवलं. बागेची उभी भरणी, ओळींची अदलाबदल, कापसाची सरासरी, या चुका आपल्या कच्च्या लिखाणात नव्हत्या. उतरवताना शिरल्या आणि माझ्यामुळे राहिल्या. दोष माझा आहे.

एकही प्रत बाहेर गेलेली नाही. मी खुशालरावांना थांबवलं आहे. प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्र चिकटवल्याशिवाय पुस्तक दुकानात जाणार नाही. शुद्धिपत्र सोबत जोडलं आहे. प्रत्येक उदाहरण मी मांडून पाहिलं. आपण शिकवलं तसं, स्वतःची अक्कल न लावता, ओळ सांगेल तेवढंच केलं. आता उत्तरं बरोबर येतात.

सर, कोणी हसलं नाही. कोणी हसणार नाही.

आपली विद्यार्थिनी,
ललिता पुंजाजी


अमरावती, ८ मार्च १९६८

चि. ललिता,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. मी त्यांना व्हरांड्यात बसवून वाचून दाखवलं. एकाग्र होऊन ऐकलं. मध्ये एकदा म्हणाले, "कोनाची पोरगी आहे? लिहिते चांगलं." मी म्हटलं, तुमचीच विद्यार्थिनी. "चुकली काय?" म्हणाले. मी हो म्हटलं.

त्यांनी पत्र आणि शुद्धिपत्र माझ्या हातातून घेतलं आणि पेन्सिल मागितली. मला वाटलं आता पुन्हा खोडणार. खोडलं नाही. प्रत्येक उदाहरणावरून पेन्सिल फिरवत गेले, न टेकवता. शेवटी तुझ्या सहीखाली काहीतरी लिहिलं, पूर्वी वह्या तपासताना लिहायचे त्या अक्षरात, आणि पत्र मला परत देऊन म्हणाले, "तिले देऊन दे. उद्या घेऊन ये म्हना."

तेव्हापासून डोळ्यांचं पाणी थांबलं आहे. बोलणंही जवळजवळ थांबलं आहे. निळं पुस्तक उशाशी असतं, पण काल मी ते झाडायला उचललं तर त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

पत्र तुझं तुला परत पाठवते. त्यांनी लिहिलं आहे, "पुन्हा करून आणणे."

तू पुन्हा करून पाठवू नकोस, ललिता. इथे आता तपासायला कोणी नाही.

तुझी,
इंदूकाकू